तांबे तेच, शेजार वेगळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तांब्या-पितळेच्या भांड्यांवर आलेला लेख वाचला. वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेली पातेली, पराती, घंगाळी पुन्हा खाली येऊ लागली आहेत, हे चांगलेच आहे. पण लेखातली तीन विधाने तशीच सोडून देण्यासारखी नाहीत. पहिले, 'शरीराला तांबे लागते, म्हणून तांब्याच्या भांड्यात काहीही ठेवावे'. दुसरे, 'पितळ म्हणजे तांबे अधिक जस्त, तेव्हा दोन्हींचे गुण आयते मिळतात'. तिसरे, 'कल्हई म्हणजे नुसता चकाकीचा मुलामा'. तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : गुण हे मूलद्रव्याच्या नावाला चिकटलेले असतात आणि ते मूलद्रव्य जिथे जाईल तिथे सोबत जातात.

तसे होत नाही. तांब्याचा अणू कुठेही असला तरी त्याच्या पोटात 29 प्रोटॉनच असतात. पण त्याच्या शेजारी कोण बसले आहे, किती जण आहेत आणि त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सगळ्यांमध्ये वाटलेला आहे की एकाला देऊन टाकलेला आहे, यावर त्याचा लाल पत्रा होणार, काळी पूड होणार, मोरचुदाचा निळा खडा होणार, पिवळी परात होणार की तोंड पाहायचा आरसा, हे ठरते. हे सगळे स्वयंपाकघरातल्या आणि तांबट आळीतल्या वस्तूंवरच दाखवता येते, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबले आहे, तरी शक्यतो काटछाट करू नये.

तांब्याच्या पत्र्याला ताव दिला की वर काळा थर येतो. थंड झाल्यावर तो पापुद्र्यासारखा सुटतो आणि खाली लालसर, विटकरी रंगाचा दुसरा थर दिसतो. दोन्ही थरांत मूलद्रव्ये दोनच, तांबे आणि ऑक्सिजन. काळ्यात तांब्याच्या एका अणूमागे ऑक्सिजनचा एक. लालात दोघांमागे एक. वजनात बोलायचे तर काळ्यात तांबे आणि ऑक्सिजन जवळपास 4 ला 1, लालात जवळपास 8 ला 1. मधले 5 ला 1 किंवा 6 ला 1 असे कुठलेही संयुग तिथे होत नाही. तुम्ही पत्रा कमी तापवा, जास्त तापवा, थर जाड-पातळ होतील, पण प्रत्येक थरातले प्रमाण हलणार नाही. अणू अर्धा देता येत नाही, एवढे साधे कारण त्यामागे आहे.

पावसाळ्यात न पुसता ठेवलेल्या तांब्यावर जे हिरवे जंगाल चढते, त्याचीही तीच गत. दमट हवेत तयार होणाऱ्या या जंगालात मुख्यतः तांब्याचा आम्लारिधर्मी कार्बोनेट असतो. खाणीत मिळणारा हिरवा मॅलाकाइट दगडही तोच. दोन्हींत तांबे वजनाने सुमारे साडेसत्तावन्न टक्के. फ्रेंच रसायनज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी 1799 मध्ये नेमका हाच पदार्थ हाती घेतला होता. निसर्गातला आणि प्रयोगशाळेत बनवलेला, दोन्हींतले प्रमाण एकच भरले आणि त्यावरून 'संयुगात मूलद्रव्यांचे प्रमाण ठरलेले असते' हा नियम उभा राहिला. पुढे काही वर्षांतच इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी अणूंची कल्पना मांडली, तेव्हा या ठरलेल्या प्रमाणाला अर्थ मिळाला. थोडक्यात, माळ्यावरच्या घंगाळाच्या काठाला जे हिरवे लागले आहे ते घासून टाकण्याआधी एकदा नीट बघावे, एवढी त्याची योग्यता आहे. घासायचे मात्र नक्की, कारण ते पोटात जाणे बरे नाही.

आता पितळ. इथे प्रकार उलटा आहे. पितळ हे संयुग नाही, मिश्रधातू आहे, आणि मिश्रधातूला असे ठरलेले एकच प्रमाण नसते. जस्त 10 टक्के घाला, लालसर सोनेरी दिसेल. 30 टक्के घाला, पिवळे दिसेल. दोन्हीला दुकानदार पितळच म्हणणार. 'पितळ म्हणजे काय' याचे उत्तर नुसते दोन धातूंची नावे सांगून होत नाही, ते एवढ्यासाठी.

जस्ताचा अणू तांब्याचा सख्खा शेजारी : 29 नंतर 30. एका प्रोटॉनचा फरक, आणि आकारही जवळचा. त्यामुळे तांब्याच्या अणूंच्या रांगेत जस्ताचा अणू एखाद्याच्या जागी सहज बसतो. इतका सहज, की जस्त वेगळे काढता येत नव्हते तेव्हाही पितळ बनत होते. तांब्याचे तुकडे, जस्ताची माती आणि कोळशाची पूड बंद मुशीत घालून तापवायचे. जस्ताची वाफ व्हायची आणि ती घन तांब्यात शिरायची. या रीतीने जस्त तिशीच्या आतबाहेर जाऊन थांबते, त्यापुढे नाही. वेगळे जस्त मिळवणे फार अवघड, कारण जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याच्या खनिजातून ते सुटते सुमारे हजार अंशांच्या पुढे. म्हणजे सुटते तेच वाफ होऊन, आणि हवा लागली की पांढरी राख होऊन उडून जाते. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे यावर काढलेला तोडगा बघण्यासारखा आहे : वांग्याच्या आकाराचे मातीचे बुधले, तोंड खाली करून भट्टीत उलटे लावायचे. आग वर, थंड कोठी खाली. वाफ खाली उतरते आणि हवा लागायच्या आत थिजते. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियन यांनी जस्ताच्या उर्ध्वपातनाचे पेटंट घेतले ते 1738 मध्ये. जावरच्या भट्ट्या त्याच्या कितीतरी शतके आधीच्या.

पितळ ओतणाऱ्यांना जस्ताचा हा पळपुटेपणा आजही रोज भोगावा लागतो. शुद्ध तांबे वितळायला 1085 अंश लागतात आणि त्याच्या आधीच जस्त उकळते. म्हणून आधी तांबे वितळवून मग जस्त तुकड्या-तुकड्याने, रसाच्या पृष्ठाखाली दाबून घालतात. तरी काही उडतेच, आणि तेवढे हिशेबात धरून थोडे जास्त घ्यावे लागते. मुशीवर दिसतो तो दाट पांढरा धूर म्हणजे जस्ताचा ऑक्साइड. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. कारखान्यात हवा खेळती नसेल तर कामगाराला मलेरिया झाल्यासारखे वाटते. तो मलेरिया नसतो.

लेखातल्या दुसऱ्या विधानाकडे येतो : 'दोन्हींचे गुण मिळतात'. तसे असते तर तांबे मऊ, जस्तही फार कठीण नाही, तेव्हा दोन्ही मिळून काहीतरी मधले मऊ झाले असते. प्रत्यक्षात जस्त सुमारे 35 टक्क्यांपर्यंत असेल तोवर अणूंची मांडणी तांब्याचीच राहते. असे पितळ थंडपणी ठोकता येते, परातीसारखे खोल ओढता येते. त्यापुढे मधेमधे वेगळ्या मांडणीचे कण दिसू लागतात. 60 तांबे, 40 जस्त हे पितळ थंड ठोकले तर लवकर तडकते, पण लाल करून दाबले तर लोण्यासारखे वळते. नळ आणि कांबी त्याच्या. जस्त निम्म्याच्या पुढे नेले की आणखी एक मांडणी येते आणि धातू इतका ठिसूळ होतो की हातोडीच्या एका टोल्यात त्याचे तुकडे होतात. दोन मऊसर धातूंतून हा ठिसूळपणा आला कुठून?

याचे उत्तर इलेक्ट्रॉन मोजून मिळते, आणि ते इतके देखणे आहे की थोडी आकडेमोड सोसावी. धातूत प्रत्येक अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सामायिक खात्यात टाकतो. तांबे 1 टाकते, जस्त 2, कथील (टिन) 4. ऑक्सफर्डचे धातुशास्त्रज्ञ विल्यम ह्यूम-रॉथरी यांच्या 1926 मध्ये लक्षात आले की मांडणी कधी बदलणार हे धातूच्या नावापेक्षा दर अणूमागे खात्यात किती इलेक्ट्रॉन जमले यावर अवलंबून असते. एक तांबे, एक जस्त घ्या : इलेक्ट्रॉन 3, अणू 2, म्हणजे दीड. आता पाच तांबे आणि एक कथील घ्या : इलेक्ट्रॉन 9, अणू 6, पुन्हा दीड. आणि दोन्हीकडे एकाच जातीची मांडणी मिळते. ठिसूळ पितळात पाच तांब्यांना आठ जस्त : इलेक्ट्रॉन 21, अणू 13. तांबे-कथलात 31 ला 8 घ्या : इलेक्ट्रॉन 63, अणू 39. तीनने भागून बघा, 21 ला 13 च येते. आणि तोही तसाच ठिसूळ, काचेसारखा फुटणारा.

हा 31 ला 8 चा पदार्थ कागदावरचा नव्हे. वजनात त्यात कथील साडेबत्तीस टक्के पडते, आणि केरळात आरन्मुळा येथे घासून-घासून जो धातूचा आरसा बनवतात तो जवळपास याच प्रमाणाचा. रंग लालही नाही, पिवळाही नाही, पोलादी पांढरा. हातातून पडला की फुटतो. मूलद्रव्ये मात्र तीच दोन, जी काशाच्या ताटात आहेत.

काशात कथील साधारण 22 टक्के : एक किलो काशात 780 ग्रॅम तांबे, 220 ग्रॅम कथील. कथलाचा अणू तांब्याच्या जवळजवळ दुप्पट जड असल्याने अणूंची मोजणी केली तर सातांमागे एकच कथील निघते. त्या एकाचे चार इलेक्ट्रॉन सगळे घर बदलून टाकतात. हे कासे थंडपणी ठोकले की फुटते. पण लाल करून, साधारण 600 ते 750 अंशांमध्ये, ते ती दीड-इलेक्ट्रॉनवाली मांडणी धरते आणि ठोकून ताट होते. कारागीर ते पुन्हा-पुन्हा तापवतो, लाली गेली की हात थांबवतो. शेवटी लाल असतानाच पाण्यात टाकतो. पोलाद पाण्यात टाकले की कडक आणि ठिसूळ होते, कासे मात्र उलट चिवट राहते, कारण अणूंना ठिसूळ मांडणीकडे वळायला वेळच मिळत नाही. तेच ताट हळूहळू गार होऊ दिले तर दिसायला डावे-उजवे कळणार नाही, पण फरशीवर पडले की दोन तुकडे. घंटेला मात्र ठोकायचे नसते, ती ओतूनच करतात, आणि तिचा लांबलेला नाद या कठीण मांडणीतूनच येतो. स्वस्तात मिळणारी बरीचशी 'काशाची' ताटे नुसते पिवळे पितळ असतात. तीन बोटांवर तोलून टिचकी मारली की खरे कासे गुणगुणत राहते, पितळ ठक् करून थांबते.

रंगाचेही गणित इलेक्ट्रॉनांचेच आहे. तांबे निळा-हिरवा प्रकाश शोषते, म्हणून उरलेला लाल आपल्याला दिसतो. जस्त मिसळले की शोषणाची ही सीमा निळ्याकडे सरकते, हिरवाही परत येऊ लागतो आणि लाल अधिक हिरवा म्हणजे डोळ्याला पिवळा. सोन्याचा अंशही नसताना पितळ सोन्यासारखे दिसते ते यामुळे. जाता जाता : प्रमाण पुरते उलटवले, जस्त भरपूर आणि तांबे जेमतेम, की बिदरीची भांडी होतात. ती काळी करायला नवसागर (अमोनियम क्लोराइड) लागतो. तोच नवसागर खाली कल्हईत भेटेल.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत जे मठारकाम, म्हणजे पत्रा हातोडीने ठोकण्याचे काम, चालते त्यात तर शेजारही बदलत नाही. नवा अणू येत नाही, जुना जात नाही, तरी मऊ पत्रा टणक होतो. अणूंच्या रांगांत मुळातच काही ठिकाणी अर्धवट तुटलेल्या रांगा असतात. धातू वाकतो तो या सरकत्या दोषांमुळे. हातोडीच्या प्रत्येक टोल्याने असे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि मग सरकणेच बंद होते. त्यापुढे ठोकले तर पत्रा चिरतो. म्हणून मधेच ताव द्यायचा, दोष निस्तरतात, पत्रा पुन्हा मऊ. शेवटचा मठार मात्र ताव न देता ठेवतात, म्हणजे भांडे पातळ असूनही दबत नाही. मठारलेली कळशी चूल किंवा गॅसवर रिकामी तापवली तर तिचा टणकपणा जातो, हे विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

पितळेला या ठोकण्याची एक वाईट बाजू आहे. ठोकलेल्या, ताव न दिलेल्या पितळेत ताण अडकून राहतो, आणि अशा पितळेला दमट हवेत अमोनिया लागला की ते आपोआप तडकते. इंग्रजांच्या काळात भारतातल्या लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेशेजारी साठवली जात आणि ती चिरा पडलेली निघत. अमोनिया येत होता घोड्यांच्या मुतातून. यावर उपाय म्हणजे काडतुसांना हलका ताव देऊन ताण काढणे. घरात याचा धडा एवढाच, की ठोकीव पितळेची भांडी अमोनियाचे फवारे वापरून पुसू नयेत.

आता 'शरीराला तांबे लागते' याबद्दल. लागते, दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम, आणि ते तीळ, डाळी, काजू यांतून मिळते. पण शरीरातला तांब्याचा अणू प्रथिनांच्या घट्ट मिठीत असतो. आंबट ताकात सुटलेला अणू दोन इलेक्ट्रॉन गमावून मोकळा फिरत असतो. या मोकळ्या रूपाचे काय काम ते द्राक्ष बागायतदारांना विचारावे. बागेवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणातून तोच थोडा-थोडा सुटतो आणि केवडा रोगाची बुरशी त्याने मरते. एक टक्का मिश्रणाला 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना विरवून दुसऱ्या 50 लिटरमध्ये, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात. पिंप प्लास्टिकचे हवे, लोखंडी चालत नाही. झालेल्या मिश्रणात स्वच्छ लोखंडी पाते मिनिटभर बुडवून काढायचे; त्यावर तांबूस झाक आली तर मोकळे तांबे शिल्लक आहे, पाने भाजतील, आणखी चुन्याची निवळी घालावी. पात्यावर काय झाले? लोखंडाने आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकले आणि तांब्याचा अणू पुन्हा लाल धातू झाला. एकाच शेतात, एकाच मिनिटात, तांबे निळे, विष आणि लाल धातू अशी तिन्ही रूपे दिसतात.

तेव्हा प्रश्न तांबे चांगले की वाईट असा नसून भांड्यातून किती आणि कोणत्या रूपात सुटते असा आहे. साध्या पाण्यात रात्रभरात फार कमी सुटते. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात तांब्याची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम असून पर्यायच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा 2 मिलिग्रॅम आहे. पाण्यात लिंबू पिळले की हिशेब बदलतो. ताक, चिंचेचे सार, सोलकढी, टोमॅटोची आमटी यांचा सामू (pH; जितका कमी तितका पदार्थ आंबट) 6 च्या बराच खाली असतो, आणि अमेरिकेच्या खाद्यसुरक्षा नियमावलीत 6 पेक्षा कमी सामूचा पदार्थ उघड्या तांब्याला किंवा पितळेला लागू देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे त्याला नियमावली लागली नाही, 'कळकणे' हा एक शब्द पुरला. कळकलेले ताक हिरवट दिसते, जिभेला तुरट-धातूसारखे लागते, आणि पोटात गेले तर मळमळ, उलट्या ठरलेल्या.

पितळेत आधी जस्त सुटते, कारण इलेक्ट्रॉन सोडायला ते तांब्यापेक्षा कितीतरी उतावळे. म्हणूनच चिंच-मिठाने घासून तसेच ठेवलेल्या पितळेवर गुलाबी डाग दिसतात : जस्त निघून गेले, तांबे मागे राहिले. घासल्यावर लगेच धुऊन, कोरड्या फडक्याने पुसले तर हे होत नाही.

यावरचा उपाय कल्हई, म्हणजे भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर, आणि तो 'मुलामा' नाही. मुलामा वरून बसतो. कल्हई आत रुजते. भांडे आधी चिंच, राख किंवा वाळूने असे घासायचे की बोटाला तेलकटपणा जाणवता कामा नये. मग भट्टीवर धरून साधारण 250 ते 300 अंशांपर्यंत तापवायचे. कथील 232 अंशांना वितळते, म्हणजे कांडी टेकवली की ती लगेच पाझरली पाहिजे. पण तापलेल्या तांब्यावर काळा ऑक्साइड चढलेला असतो आणि त्याला कथील शिवतसुद्धा नाही, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळे होऊन पळते. इथे नवसागर कामाला येतो. उष्णतेने तो फुटतो : एक भाग अमोनिया, दुसरा हायड्रोजन क्लोराइड. दुसरा काळा थर खाऊन टाकतो आणि खालचा लाल धातू क्षणभर उघडा पडतो. त्या क्षणीच कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचे. जो पांढरा धूर उठतो तो बहुतांशी नवसागरच : भांड्यावर तुटला आणि हवेत जाऊन परत जुळला. शेवटी भांडे पाण्यात बुडवायचे, म्हणजे थर जागीच थिजतो.

या काही सेकंदांत सांध्यावर सहा तांबे आणि पाच कथील अशा मांडणीचा एक पातळ करडा थर तयार झालेला असतो. तो दोन्ही धातूंना धरून ठेवतो, म्हणून कल्हई नखाने सुटत नाही. मात्र भट्टीवर जास्त वेळ ठेवले, किंवा पुढे रोज कडक आच लागत राहिली, तर हाच थर वाढत जाऊन वरचे पांढरे कथील गिळतो आणि कल्हई 'मेली' असे दिसू लागते. बिघडण्याचे बाकी प्रकार सोपे आहेत. ठिपके-ठिपके राहिले तर भांडे तेलकट होते. ढेकळे आली तर ताव कमी. पिवळसर-निळसर झाक आली तर ताव जास्त.

कथील किती लागते याचा हिशेब घरी करता येतो. 20 सेंटिमीटर व्यासाच्या आणि 12 सेंटिमीटर उंचीच्या पातेल्याचा आतला भाग सुमारे 1070 चौरस सेंटिमीटर. थर 20 मायक्रॉन (0.02 मिलिमीटर) धरला तर साधारण 2 घन सेंटिमीटर, म्हणजे 15 ते 16 ग्रॅम कथील. एवढ्या धातूचे पैसे पडणारच. फारच स्वस्त कल्हई दिसली की त्या कांडीत शिसे असल्याचा संशय घ्यावा.

शिशाची भेसळ ही खरी धास्ती. डाख देण्यासाठी वापरतात ती कांडी कथील-शिशाचीच असते आणि दिसायला शुद्ध कथलासारखीच. 62 भाग कथील, 38 भाग शिसे असे मिश्रण दोन्ही धातूंपेक्षा कमी तापमानाला, 183 अंशांना, वितळते. कल्हईवाल्याला ते सोयीचे, पण फोडणीचे तेल सहज त्या तापमानाला पोचते. पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, त्यावरून काय ते समजावे. पारख अशी : कांडी कानाशी धरून वाकवावी, शुद्ध कथील करकर आवाज करते, शिसे मुके असते. कांडी पांढऱ्या कागदावर ओढावी; शिसे भरपूर असेल तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. तिसरी परीक्षा मापनळीतली : 100 ग्रॅम शुद्ध कथील 13.7 मिलिलिटर पाणी वर चढवते, 60-40 ची डाखाची कांडी 11.8. दहा टक्क्यांपर्यंतची भेसळ मात्र यांतल्या कुठल्याच घरगुती परीक्षेत खात्रीने पकडता येत नाही, त्यासाठी धातूची तपासणी करणारी प्रयोगशाळाच हवी.

कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवू नये, दोन-तीन मिनिटांत ते 232 ओलांडते. धूर निघेपर्यंत तेल तापवू नये. उलथने लाकडी वापरावे. थंडीत कथलाची भुकटी होते असे कुठे वाचनात येते, ते खरे आहे : 13 अंशांखाली कथलाचे अणू हिऱ्यासारख्या सैल मांडणीकडे वळू शकतात. पण त्याला कडाक्याची थंडी फार काळ लागते. महाबळेश्वरकरांनी काळजी करू नये.

अखेर एक दुरुस्ती. लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'काशाची समई' असे छापले आहे. चित्रातली समई ओतीव पितळेची आहे, दांड्यावरच्या लेथच्या रेघाही दिसतात. लेथवर सहज कापले जावे म्हणून अशा पितळेत बहुधा दोन-तीन टक्के शिसे घालतात. ते तांब्या-जस्तात विरघळत नाही, बारीक थेंबांसारखे वेगळे राहते आणि कीस तिथे तुटतो. समईला त्याने काही बिघडत नाही. पण त्याच दुकानात, त्याच पितळेची ओतीव वाटी पंचामृतासाठी म्हणून विकली जाते. दही-मध असलेले पंचामृत तिच्यात करू नये. चांदीची नसेल तर स्टीलची वाटी घ्यावी.

आपले,
धातुशास्त्र व रसायनशास्त्र शिकवणारे काही वाचक, पुणे